दौलतभाऊंची सीट

दौलतभाऊंच्या एकचाकी सायकलची सीट मी त्यांना न विचारता चार बोटं खाली केली. चांगल्या हेतूने केली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. माझे बहुतेक गाढवपणे चांगल्या हेतूनेच झालेले आहेत.

दिग्रसला बाजाराच्या रस्त्यावर भाऊंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तरुणपणी ते सर्कशीत एकचाकी चालवत. सर्कस बंद पडली तशी ती सायकल खांद्यावर टाकून गावी परतले. सत्तरीतही सकाळी दुकानापासून चहाच्या टपरीपर्यंत ते त्याच एका चाकावर जात. ताठ बसलेले, हात मोकळे. वाटावं, हा माणूस बसून आहे आणि रस्ताच मागे सरकतोय.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मलाही ती शिकायची हुक्की आली. वय त्रेचाळीस, वजन सांगत नाही. भाऊ आधी भिंतीला धरून सीटवर बसवत आणि खालच्या पायडलवर टाच टेकवायला लावत. पाय सरळ झाला की सीट बरोबर. मला ती उंची ताडावर बसल्यासारखी वाटे. त्यांची पाठ वळली की मी पाना घेऊन सीट खाली करायचो, आणि दहा हातांवर मांड्या भरून येऊन पोत्यासारखा आपटायचो.

“गुरुजी, काहून खाली केली?”

“जमीन जवळ असलेली बरी, भाऊ.”

“भेलेला मानूस आधी सीट खाली करते. मंग सारं वजन पायावर घेते अन् पडते. सीटीवर बसा ना बापा! पाय फिरवाले हायेत.”

सायकल मला आली नाही. हे वाक्यही कळलं नाही, ते पुढे दिसलंच.

जयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी निळा झेंडा घेऊन भाऊ सगळ्यांच्या पुढे एकचाकीवर असत. सुट्टीच्या पुढच्या वर्षी मिरवणुकीतली पोरं त्यांना म्हणाली, “आबा, यंदा ट्रॅक्टरवर बसा.” भाऊ भडकले. “यंदा उतरलो तं पुढच्या साली कोनी चढूच देनार नाही मले!” त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, मला बाजूला घेतलं. “गुरुजी, तुमचं ऐकतात ते. जरा समजावा त्यायले.”

समजावायची माझी छाती नव्हती. म्हणून भाऊ पांढरा सदरा घालायला आत गेले तेव्हा मी सीट खाली केली. पडलेच तर कमी उंचीवरून पडतील, हे माझं गणित. शाळेत मी गणितच शिकवतो.

सीट सकाळी भाऊंनी स्वतःच आवळून ठेवली होती. म्हणून निघताना त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ढोल वाजत होते, मागून रेटा होता. ते चढले, निघाले, आणि पन्नास पावलांत त्यांच्या मांड्या भरून आल्या. पडले नाहीत. उतरले. झेंडा शेजारच्या पोराच्या हातात दिला. त्या गडबडीत सायकल मी दुकानात आणली आणि त्याच पान्याने सीट पुन्हा होती तिथे नेली.

भाऊ मागोमाग आले. भिंतीला धरून चढले, खालच्या पायडलवर टाच टेकवली. पाय सरळ झाला.

“सीट तं बराबर हाय, गुरुजी,” ते म्हणाले. “मंग मीच सरलो.”

पाना माझ्या खिशात होता. मी म्हणालो, “वय झालं, भाऊ. ऊन पण किती आहे.”

त्यानंतर ते कधी चढले नाहीत. टपरीवर पायी जात, तेही मग काठी टेकत. दोन वर्षांत गेले. रोज भेटायचो आम्ही. सांगायला सातशे सकाळी होत्या माझ्याकडे.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मंडळी जेवून गेल्यावर, मी शेवंताबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, रडतील, नाहीतर ‘जाऊ द्या गुरुजी’ म्हणतील. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

“सीट खाली करता आली, वर करता आली. तोंड तेवढं उघडता नाही आलं तुमाले. कायचे गुरुजी तुमी?”