नळदुर्ग ते अणदूर, गाढवावरून

उमरग्याहून निघालेली आमची मोटार नळदुर्गच्या चढावर बसली ती बसलीच. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हते, म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावून तिच्या धुरावर ती चालवत. ड्रायव्हरने भट्टीत सळई घालून ढवळले, आम्ही उतारूंनी ढकलले, आणि ढकलता ढकलता माझा पाय मुरगळला.

बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, अणदूरला राहते. तिला अजून कळले नव्हते. दुसऱ्या दिवशी अणदूरचा बाजार. उमरग्याकडचे कुणीतरी येणार आणि वांग्यांच्या ढिगापाशी तिला सांगून टाकणार. ते मला नको होते. त्याआधी मला पोचायचे होते.

सुगीचे दिवस, सगळ्या बैलगाड्या रानात. मडकी विकून रिकामे गाढव घेऊन अणदूरला परतणारा सिद्राम कुंभार तेवढा भेटला.

"मास्तर, ह्याच्यावर मडकी बसत्यात. मानूस न्हाय बसत."

"एक दिवस बसू दे की."

"बसवीन वो. पर लोकं काय म्हनतील?"

त्याचे खरे होते. आपल्याकडे माणूस गाढवावर बसतो तो एकाच कारणाने: गावाने धिंड काढली तर. बाबांची सारी हयात याच अडचणीत गेली. ते आमच्या ख्रिस्ती शाळेत मास्तर होते; मीही तिथेच मास्तर. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, जुन्या काळी लोक प्रवास कसा करत, हा त्यांचा आवडता धडा. एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंतची मजल, कातड्याच्या पखालीतले पाणी, उंबऱ्यावर पाहुण्याचे पाय धुणे, इथवर वर्ग शांत असे. मग बाबा सांगत की तिकडे राजासुद्धा गाढवावर बसून शहरात येई, आणि वर्ग हसत सुटे. बाबा चिडून म्हणत, "एक दिवस मीच गाढवावरून अणदूरला जाऊन दाखवतो!" दरवर्षी म्हणत. गेले कधीच नाहीत.

मी बसलो. पाय धड असता तर मीही चालतच गेलो असतो, हे कबूल करतो.

बाबांच्या वर्गातल्या भिंतीवरच्या चित्रात गाढवावरच्या कुणाचेही पाय जमिनीला लागत नव्हते. माझे लागत होते. दुसरी अडचण सिद्रामच्या धंद्याची. वाटेतल्या वस्तीवर ते गाढव प्रत्येक दारापुढे आपोआप थांबे आणि घासाघीस संपण्याइतका वेळ गेल्याशिवाय हलत नसे. त्यामुळे मला प्रत्येक घराने नीट पाहून घेतले.

"काय केलं वो ह्यानं?" एका बाईने विचारले.

"काय न्हाय. मास्तर हायत," सिद्राम म्हणाला.

"अगं बया! मास्तर! आन् तोंडाला चुना न्हाय लावला?"

"पाय मुरगळलाय," मी म्हणालो.

कट्ट्यावरचा म्हातारा पुढे वाकला. "पळून जाताना?"

हे बोलणे सिद्रामला माझ्यापेक्षा जास्त लागले. "नडी, नडी!" (कानडीत, चल) म्हणत तो गाढवाला ढकलू लागला, पण त्या दारी अजून घासाघीस संपली नव्हती.

पुढे विहिरीवर एक पोलिस जवान भेटला. "किसके हुकुम से बिठाए इसकू?"

"हुकूम न्हाय, साहेब. आपल्या खुशीनं बसल्यात."

"खुशी से?" जवानाने जवळ येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला. काही न सापडल्याने तो फारच काळजीत पडला.

तिथेच आम्ही सिद्रामची भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली.

"तुमच्या शास्त्रातली लोकं वाटंत काय खायची?"

"भाकरी. वाळलेले अंजीर."

"अंजीर? मग बसंनात का गाढवावर. त्येंना कोन हसतंय?"

दिवस कलताना अणदूर आले. मास्तर गाढवावरून येतोय ही बातमी आमच्या आधी पोचली होती. खंडोबाच्या देवळापासून घोळका मागे लागला. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती उंबऱ्यावर उभी होती आणि हसत होती.

"दादा! बसलास का एकदाचा गाढवावर! पोरं हसत्यात म्हनून चिडायचास न्हवं?"

ती पदराने डोळे पुसत हसत राहिली. नळदुर्गपासून घोकत आणलेले वाक्य माझ्या तोंडात होते. मी तिचे हसणे संपू दिले.

"सलाम, आत्या. मी आहे."

गाढवाच्या मानेवर फिरणारा तिचा हात थांबला. "आन् दादा?"

मी सांगितले. ती पायरीवर बसली. सिद्रामने घोळका हाकलला. गाढव मात्र सवयीने दारातच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने ती उठली, चाचपडत पाण्याचा तांब्या आणला आणि माझा सुजलेला पाय धुऊ लागली.

"वाटंतलं समदं सांग. कोन काय बोललं त्ये बी. भेट हुईल तवा म्या दादाला सांगनार हाय."

मी सांगितले. "पळून जाताना?" इथे आल्यावर ती पुन्हा हसली, आणि मग रडली.

चार दिवसांनी मी मोटारीनेच परतलो. त्या दिवशी ती कुठेच बसली नाही. बाबांचा वर्ग आता माझ्याकडे आहे. परवा तो धडा आला. गाढव आले, वर्ग हसत सुटला. मी चिडलो नाही. खडू हातात धरून, शेवटचे हसू संपेपर्यंत थांबलो.