किल्लीवाल्यांचा फितूर

आमच्या घरात देवनागरी अक्षर म्हणजे पोथी. दुसरंही काही त्या लिपीत छापलं जातं हे आत्यानं ऐकलं असेल, पण पाहिलं नव्हतं. तंजावरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत आम्ही मराठीत बोलायचो, मराठीत भांडायचो आणि वाचायचो मात्र तमिळ. मला देवनागरी यायची, कारण मी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यामुळे पुण्याच्या नातलगांनी अण्णाच्या निश्चयाला, म्हणजे साखरपुड्याला, भेट म्हणून एक जाडजूड मराठी कादंबरी पाठवली, तेव्हा ती सगळ्यांना वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

अण्णा माझा थोरला भाऊ. मद्रासला एका नव्या खाजगी कंपनीत संगणकावर बसायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्याचं लग्न गल्लीतल्याच किल्लीवाल्यांच्या मुलीशी ठरलं होतं. आमच्याकडे घरांना अजूनही राजांच्या वेळच्या कामावरून हाक मारतात. कुणी पागेवाले, कुणी दिवेवाले. किल्लीवाल्यांच्या पूर्वजांकडे म्हणे किल्ल्याच्या वेशीची कुलपं असायची. आताचे किल्लीवाले, म्हणजे मुलीचे वडील, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि दुपारची कॉफी चुकली की त्यांचं डोकं दुखायचं. शौर्याचा एवढाच काय तो पुरावा.

रविवारी दुपारी वाचन असायचं. शेजारी नुकताच केबल टीव्ही आला होता, तरी माणसं आमच्याकडे यायची. आत्या कादंबरी चौरंगावर ठेवून तिला कुंकू लावायची, समई लावायची आणि मग मला खूण करायची. ही पोथी नव्हे, मनानं रचलेली गोष्ट आहे, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. आतल्या पानावर ‘ऐतिहासिक कादंबरी’ असं छापलेलंही वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, रामायणालाही इतिहासच म्हणतात, आणि विषय संपला. तमिळ साप्ताहिकातल्या मालिका खोट्या असतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यातल्या नायिकांना ती यथेच्छ नावं ठेवायची. पण मराठीत, त्या लिपीत कुणी खोटं छापेल, हे तिच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

कादंबरी तंजावरच्या वेढ्याची होती. लेखकाची पुणेरी वर्णनं वाचताना मला दर वाक्याला अडवून अर्थ विचारला जाई, पण पात्रं जुन्या थाटात बोलू लागली की सगळ्यांना चटकन कळायचं आणि अर्थ विचारायची पाळी माझ्यावर यायची. काही आठवड्यांनी गोष्टीत किल्ल्या सांभाळणारा कारभारी आला. किल्लीवाले बसल्या जागी चार बोटं पुढे सरकले. त्या दिवसापासून ते इस्त्रीचा सदरा घालून वाचनाला यायला लागले. आत्या त्यांना आधी कॉफी द्यायला लागली. आम्ही राजाच्या वेशीशी सोयरीक केली आहे, असं ती दारावर येणाऱ्या भाजीवालीलाही सांगत होती.

मग त्या कारभाऱ्याच्या घरी शत्रूचा माणूस भेटायला आला. जमलेली माणसं चुळबुळली. किल्लीवाल्यांनी घसा खाकरला. आत्या म्हणाली, “थांब. त्याच्या मनांत कांहीं निराळें आहे. तो शत्रूला फसवतो आहे.” पुढच्या रविवारी त्यानं मोहरांची थैली घेतली, तरी ती त्याचीच बाजू घेत राहिली. एवढा निष्ठेचा माणूस, राजाच्या ताटात जेवलेला, तो थैली घेतो ती राजाला दाखवायलाच. मलाही तिचं पटत होतं. पुढचं पान आधी चोरून वाचायचं नाही, असा आत्याचा दंडक होता आणि मी तो पाळत होते.

त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं वेस उघडली.

मी वाचत होते म्हणून थांबले नाही. शत्रू आत शिरला, पहाऱ्यावरची माणसं झोपेत कापली गेली, आणि कारभारी थैलीची गाठ चाचपत बाजूला उभा राहिला. पुढे कसलीही युक्ती नव्हती. लोभ झाला, बस्स, एवढंच कारण लेखकानं दिलं होतं. वर पाहिलं तर कुणी किल्लीवाल्यांकडे बघत नव्हतं आणि सगळे त्यांच्याबद्दलच विचार करत होते. ते उठले, चपला न घालताच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते निश्चयाची ताटं घेऊन आले. साडी, नारळ, हळद, जसंच्या तसं. आमच्या घरची मुलगी तुमच्या घरात यायला लायक नाही, असं खाली मान घालून म्हणाले. मला वाटलं आत्या त्यांना वेड्यात काढील, हाताला धरून बसवील. आत्यानं ताटं घेतली आणि आत नेऊन ठेवली. मी हबकलेच. तिच्यामागे जाऊन मी विचारलं, हे काय करते आहेस? ती म्हणाली, पहाऱ्यावर कापले गेले त्यांत आपलेही असतील. त्या रात्रीच्या माणसांची तिला दया येत होती, जी माणसं कुणीतरी टेबलाशी बसून मारली होती.

अण्णा शनिवारी आला आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं. गोष्ट आहे ती, गोष्ट, असं तो ओरडत होता. मुलगी रडून रडून आजारी पडली. किल्लीवाले कचेरीतून थेट घरी जायचे आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकानं वळायचे. लग्नाचा महिना आला आणि निघून गेला.

आणि मग तो लेखकच तंजावरला आला. राजवाड्यातल्या ग्रंथालयात पुढच्या कादंबरीसाठी जुने कागद बघायला आला होता. अण्णानं त्याला गाठलं, कॉफीला घरी आणलं आणि किल्लीवाल्यांना जवळजवळ ओढत आणून समोर बसवलं. लेखक गोड माणूस होता, हे मला कबूल केलं पाहिजे. आमचं मराठी ऐकून त्याचे डोळे चमकले. आत्यानं त्याला वाकून नमस्कार केला. पोथी लिहिणाऱ्याला करतात तसा.

अण्णानं सरळ विचारलं, त्या कारभाऱ्याचा कागद कुठल्या दप्तरात मिळाला?

लेखक मोकळेपणानं हसला. “कागद कसला? किल्ला पडला एवढं इतिहासात आहे. आता वेस कुणीतरी उघडायला हवी होती. पुण्या-साताऱ्यातला माणूस फितूर दाखवला असता तर त्यांच्या घराण्यातले लोक माझ्या दारात येऊन बसले असते. तंजावरात मराठी वाचणारं कुणी उरलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.”

इतका वेळ मी रागाची तयारी करून बसले होते, पण राग आलाच नाही. मी नुसती सुन्न झाले. आम्ही त्याच्यासमोर बसलो होतो, त्याला कॉफी दिली होती, आणि त्याच्या हिशेबी आम्ही कधीच संपलो होतो. आत्याच्या हातातला कॉफीचा पितळी डबरा तिरका झाला आणि सगळी कॉफी तिच्या लुगड्यावर सांडली. तिला ते कळलंही नाही.

अण्णाला मात्र आनंद आवरत नव्हता. झालं, मिटलं, असं म्हणून त्यानं होणाऱ्या सासऱ्यांचे हात धरले. लेखकही खूश झाला. माझ्यामुळे अडलेलं लग्न माझ्यामुळेच जुळतंय तर, असं काहीतरी तो बोलला. आत्या आत गेली आणि तीच ताटं घेऊन बाहेर आली.

किल्लीवाल्यांनी ताटांना हात लावला नाही. ते लेखकाकडे पाहतही नव्हते. आत्याकडे वळून, तोंडातल्या तोंडात, ते आमच्या मराठीत बोलले, “अक्का, तेव्हांपासून मी एकाही अमावास्येला तिरुवैयारूला कावेरीच्या घाटावर गेलों नाहीं. फितुरांना काय म्हणून तर्पण करायचें, म्हटलें. माझ्या बापाला मी पाणी दिलें नाहीं.”