गारपाणी मावशी आणि हेडमास्तरांचे अभ्रे

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाँड्रीत रक्ताचा डाग घेऊन कुणी आलं, की आतून आधी आवाज यायचा, "गरम पाणी लावलंय का? खरं सांगा!" त्यावरूनच तिचं नाव पडलं, गारपाणी मावशी. भाजी चिरताना बोट कापलेल्या सुनेची चादर असो, नाहीतर गुडघा फोडून आलेल्या पोरानं माखलेलं सोफ्याचं कव्हर, मावशीचं म्हणणं एकच. "रक्त अंड्यासारखं असतं. गरम पाण्यात शिजतं, आणि शिजलं की कापडाला चिकटून बसतं."

पस्तिशीत नवरा गेला तेव्हा ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती. दिवसभर तिथल्या चादरी धुवायची आणि घरी येऊन त्याचे रुमाल. खोकला जुना होता. रुमालांवर बारीक लाल ठिपके यायचे, ती ते पांढरेशुभ्र करून घडी घालून ठेवायची. "कसले हो हे?" असं एकदाही विचारलं नाही. कामाच्या रगाड्यात हाताला सवयच तशी लागली होती. डाग दिसला की काढायचा. छातीचं दुखणं कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. पुढे तिनं जावेला बरोबर घेऊन स्वतःची लाँड्री काढली. त्या रुमालांची गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नसे.

हेडमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. बायको गेल्यापासून समोरच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर एकटेच राहायचे. लाँड्रीच्या पाटीवरचं शुद्धलेखन त्यांनीच खडूनं सुधारलं होतं. एका सोमवारी त्यांनी उशीचा एक अभ्रा पुढे सरकवला. मधोमध तपकिरी डाग.

"बीटाचा रस सांडला," ते म्हणाले.

"बीट खाता खाता झोपलात होय सर?" मावशी म्हणाली. "आणि वर उकळलंत पण."

पुढच्या सोमवारी दोन अभ्रे आले, "शाई" म्हणून. तिसऱ्या सोमवारी वर्तमानपत्रात गुंडाळून चार अभ्रे आणि एक टॉवेल. आधीचे तीन सरांनी अजून नेलेच नव्हते.

मावशीनं ते मिठाच्या गार पाण्यात सोडले. पाणी गुलाबी झालं, बदललं, पुन्हा गुलाबी. मग डागाच्या उलट्या बाजूनं नळाची धार धरली, वडीचा साबण लावून बोटांनी हलकेच थोपटलं. हट्टी डागांसाठी जखम धुवायचं फेसाळणारं औषध होतं. ते आधी शिवणीच्या कोपऱ्यावर टाकून रंग उडत नाही ना, ते पाहिलं. थेंब पडला की डाग चर्र करून फसफसायचा. टिपायचं, पुन्हा थेंब. तिसऱ्या अभ्र्याला तिचा हात थांबला. सगळे डाग एकाच जागी होते, झोपलेल्या माणसाचं नाक टेकतं तिथेच.

"सरांच्या नाकातून रक्त जातंय," ती म्हणाली.

जाऊ इस्त्री बाजूला ठेवून म्हणाली, "आपण कपडे धुवावेत, वहिनी. लोकांच्या नाकात आपलं नाक कशाला खुपसायचं?"

"एकदा नाही खुपसलं," मावशी म्हणाली आणि तिनं चौथा अभ्रा उचलला.

गुरुवारी हेडमास्तर आले. "अभ्रे झाले?"

"झाले. पण मिळणार नाहीत. आधी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा."

सरांचे कान लाल झाले. "हा काय प्रकार आहे? माझ्या वर्गात असतात तर बाकावर उभं केलं असतं तुम्हाला!"

"उभी राहते की. अभ्रे मात्र देणार नाही."

ते तणतणत गेले. शुक्रवार गेला, शनिवार गेला, सर फिरकले नाहीत. रविवारी सकाळी अकराला मावशीनं शटर अर्धं ओढलं, जावेला "आलेच" म्हणाली आणि जिना चढली. दार उघडंच होतं. सर खुर्चीत मान मागे टाकून बसलेले, नाकाशी धरलेला रुमाल भिजून लाल झालेला.

"मान मागे नाही, पुढे! घशात उतरेल सगळं," ती ओरडली. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायला लावला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. रक्त थांबायला पंधरा मिनिटं लागली.

"मुलीला कळलं तर मला उचलून घेऊन जाईल तिच्या गावाला," सर हळूच म्हणाले. "आणि त्या हॉस्पिटलची पायरी मला चढवत नाही, बाई. आम्ही दोघं आत गेलो होतो. बाहेर मी एकटा आलो."

मावशीनं त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. "मीही तशीच आले होते बाहेर. आज दोघं आत जाऊ आणि दोघं बाहेर येऊ. चपला घाला."

"पण आज रविवार..."

"रक्ताला रविवार नसतो, सर. चपला."

तपासणीत रक्तदाब इतका चढलेला निघाला की नर्सनं यंत्र बदलून पुन्हा मोजला. "कधीपासून होतंय हे?" डॉक्टरांनी विचारलं. सर छताकडे बघू लागले. मावशीनं बोटांवर मोजून सगळं सांगितलं: पहिला सोमवार, किती अभ्रे, कोणता डाग जुना, कोणता ताजा. डॉक्टर लिहून घेत होते. नाकातली फुटकी शीर तिथल्या तिथे डागून बंद केली, गोळ्या सुरू केल्या. संध्याकाळच्या आत दोघं बाहेर आले.

मुलगी आली, आठ दिवस राहिली, थोडी रडली, बरीच रागावली. पण बापाला नेलं नाही. गोळ्यांचा डबा भरून दिला आणि रोज सकाळी फोन करायचं ठरवलं. मावशीनं अभ्रे दिले. सहा अगदी कोरे झाले होते. उकळलेल्या पहिल्यावर मात्र फिकट तपकिरी सावली राहिली. "हा नाही निघाला," तिनं सरळ सांगितलं. सर महिनाभर तिच्याशी तुटकच बोलत, पण तपासणीला न चुकता जात.

तेव्हापासून मावशी डाग घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, कुठून आलं, कितव्यांदा आलं. काहींना राग येतो. दोन घरांनी तर लाँड्रीच बदलली. जाऊ अजून कुरकुर करते, "गिऱ्हाईकं पळवून लावाल अशानं." पण परवा घड्या घालता घालता तीच थांबली, एक टॉवेल उजेडात धरला आणि हाक मारली, "वहिनी, जरा इकडे या. हे मागच्या आठवड्यातही होतं."

मावशी हात पुसत उठली.