रिळावरचा अंगठा

फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "वन्सं, तुमचा दादा उठत न्हाय..." काशीगावातून मोरव्याला माहेरी रिक्षाने जाईपर्यंत मी दादावर चिडलेलीच होते. त्याचा मुलगा नितेश पुढच्याच आठवड्यात जहाजावरून घरी यायचा होता, तेवढंही थांबवलं नाही त्याच्याने. महिना होत आला, माझा राग अजून गेलेला नाही.

दादाने जन्मभर खाडीत पाग टाकला. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. मिठागरं गेली, भातशेतीवर इमारती आल्या, दादा कारखान्यात कामाला लागला, तरी रविवारी पाग खांद्यावर टाकून खाडीवर जायचाच. नितेश मात्र पहिल्यापासून पुस्तकातला. बापलेक एका खोलीत बसले की "जेवलास?" "हो." संपलं बोलणं. मागच्या खेपेला नितेशने परदेशातून गळाची काठी आणि तिच्यावर बसवायचं रीळ आणलं. "बाबा, पुढच्या वेळी दोघं जाऊ," म्हणाला आणि ड्युटीवर गेला. दादाने ते वाक्य मनात धरून ठेवलं.

ते रीळ म्हणजे नसती आफत होती. काठी झटकली की दोऱ्याच्या टोकाचं वजन पुढे जातं, रीळ गरागरा फिरून दोरा सोडतं. त्यावर अंगठा अलगद ठेवायचा आणि वजन पाण्याला टेकलं की दाबायचा. अंगठा उचलला की रीळ फिरतच राहतं आणि आत कावळ्याचं घरटं तयार. पाग फेकताना नेमकं उलटं असतं, हात पूर्ण मोकळा सोडावा लागतो, नाहीतर जाळं उघडतच नाही. त्यामुळे दादाचा अंगठा आपोआप वर जायचा. रविवारी मी माहेरी असले की धक्क्यावर बसून सुईने गुंता सोडवायचे.

"दादा, अंगठा!"

"हाय गो, ठेवलाय."

"न्हाय ठेवलास."

एकदा वैतागून मी म्हटलं, "मासे पागानेही मिळतात, कशाला एवढा आटापिटा?" तो हसला नाही. "पोऱ्यासमोर मना येडा न्हाय दिसायचं, बाय. त्याच्या बाजूला उभं राहायचं हाय, तर त्याच्यासारखं फेकता आलं पायजे."

शेवटच्या रविवारी एकदाच जमलं. दोरा सरळ गेला, रिळात गुंता नाही. कितीतरी वेळ त्याने अंगठा उचललाच नाही... मग "बघितलंस?" एवढंच म्हणाला. मी उगाच म्हटलं, "आता पुन्हा फेकून दाखव."

नितेश पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेरावं झाल्यावर तो काठी घेऊन माझ्यापाशी आला. "आत्या, चल ना जरा." धक्क्यावर त्याने काठी झटकली आणि रिळात घरटं. पुन्हा झटकली, पुन्हा तेच. मी बघतच राहिले.

"अरे, तुला येत नाही?"

"मी कुठे मासे पकडलेत कधी? दुकानात दिसली, वाटलं बाबा शिकवतील. तेवढंच त्यांच्या बाजूला उभं राहता आलं असतं..."

मला तिथेच रडू कोसळलं. एका घरात राहून एकमेकांना विचारायला काय झालं होतं या दोघांना? डोळे पुसून मी गुंता सोडवला. नितेशचा अंगठा धरून रिळावर ठेवला.

"उचलू नको," म्हटलं. "तुझ्या बापाला जमलं होतं."