मुकादम पारखावा तसा सर्जन

ज्या वर्षी आमच्या सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही, त्याच वर्षी माझं वजन सगळ्यात जास्त भरलं. सलग दुसरा दुष्काळ होता. शिवारातला ऊस गुडघ्याएवढा राहिला आणि तोही चारा म्हणून जनावरांच्या छावणीत गेला. गाळप नाही म्हणजे शेतकी खात्यातल्या आम्हा लोकांना काम नाही. माणसं टँकरमागं पळून वाळत होती आणि मी खुर्चीत बसून फुगत होतो. छावणीवर देखरेखीला गेलो की कुणीतरी म्हणायचंच, "साहेबाच्या घरचा रस्ता दुष्काळाला घावला न्हाई वाटतं." मीही हसायचो. लाज वाटायची ती घरी जाऊन भाकरीबरोबर गिळायचो.

तालुक्याच्या दवाखान्यातला काटा एकशेवीसला संपत होता. म्हणून मी कारखान्याच्या गाडीकाट्यावर जाऊन उभा राहिलो. त्या हंगामात तिथं उसाची एक बैलगाडी आली नव्हती. काट्यावरच्या बाबूनं खिडकीतून विचारलं, "बैलासकट का बिगरबैल?" तो काटा वीस-वीस किलोनं सरकणारा. त्यानं एकशेचाळीस दाखवलं, आणि खरं वजन त्याच्या थोडं वर का खाली हे विचारायची मला हौस नव्हती.

गंमत तिथंच संपत होती. साखर गोळ्यांना जुमानत नव्हती, तंबाखू सुटत नव्हती, जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं, झोपेत श्वास अडकायचा. बीडच्या डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. मी एका पायावर तयार. बायको तयार नाही. तिच्या थोरल्या भावाला साधं ऑपरेशन म्हणून नेलं होतं, तो घरी परत आला नव्हता. ती म्हणाली, "तुमी खुशाल चिरून घ्या. पर कागदावर माझी सही मिळायची न्हाई." तिच्या सहीवाचूनही कुणी केलं असतं कदाचित, पण तिला त्या भीतीत बाहेर बसवून आपण आत भूल घ्यावी, हे मला जमणारं नव्हतं. म्हणजे सर्जन असा शोधायचा होता, जो आधी तिला पटेल.

माणूस पारखण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं माझं मत होतं आणि मी ते लपवतही नव्हतो. वीस हंगाम मी ऊसतोड मुकादमांचे करार केले. आमच्याकडं तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. नवखा अधिकारी मुकादमाला विचारतो, "कोयते किती?" आणि तिथंच फसतो. मी विचारायचो, "पळाले किती?" जो छाती काढून सांगेल, "माझ्या टोळीतलं एक माणूस हाललं न्हाई," तो एक तर नवा किंवा लबाड. तलवाड्याचा एक म्हातारा मुकादम मात्र सरळ बोटांवर मोजायचा. "औंदा तीन गेले. एकाची बायको बाळतीण झाली, एकाला कावीळ, अन् तिसऱ्याला मी वंगाळ बोललो, ती माझी चूक. चवथ्या दिवशी बदली कोयते आणले." त्याचा करार मी डोळे झाकून करायचो.

आणि एवढा शहाणा मी, पहिल्यांदा गेलो तो 'आपल्या माणसा'कडं. सहकारात वाढलेल्या माणसाची ही खोडच. नोकरी, सोयरीक, दवाखाना, सगळीकडं आधी आपला माणूस कोण ते बघायचं, त्याला काम येतं का ते मागून. आमच्या एका संचालकांचा भाचा शहरात सर्जन होता. त्यांनी माझ्यादेखत फोन लावला. "लई हुशार हाय. आपलं घर सोडून दुसरीकडं कशाला जायाचं?"

भाचा गोड मुलगा होता. पित्ताशयाची, अपेंडिक्सची ऑपरेशनं त्यानं ढिगानं केली होती. मी विचारलं, "ह्या ऑपरेशनची किती?" तो म्हणाला, "काका, दुर्बीण तीच, पोट तेच." मी पुन्हा विचारलं. त्यानं एका हाताची बोटं दाखवली, तीही सगळी उघडली नाहीत. "बिघडली किती?" "एकही नाही," तो अभिमानानं म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा. त्याचा हंगाम अजून सुरूच व्हायचा होता. मी चहा घेतला आणि उठलो.

संचालक रागावले. मी म्हणालो, "साहेब, आपल्या उसाच्या तोडीला तुमी तरी भाच्याला धाडता का?" दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच चौकशी करून औरंगाबादच्या एका सर्जन बाईंचं नाव दिलं. मोठ्या मनाचा माणूस, हे मी मान्य करतो.

बायकोला सोबत नेलं. बाई पन्नाशीच्या, केस पिकलेले, आवाज हळू. माझे प्रश्न कागदावर तयार होते. हेच ऑपरेशन किती वर्षं करता? स्वतःच्या हातानं की शिकाऊ डॉक्टर करतात? आतून टाका गळायला लागला तर कळतं कसं, आणि तेव्हा तुम्ही कुठं असता? बाईंनी न चिडता एकेक उत्तर दिलं. बरीच वर्षं आठवड्यातले दोन दिवस त्या हेच करत होत्या, स्वतःच्या हातानं, भूल देणारे डॉक्टरही ठरलेले. गळायला लागलं की बहुतेकदा तापाआधी नाडी बोलते, जोरात पळायला लागते, म्हणाल्या, आणि ऑपरेशननंतरचे पहिले काही दिवस मी शहर सोडत नाही. मग मी ठेवणीतला प्रश्न काढला. "बिघडली किती?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काहींना परत टेबलावर घ्यावं लागलं. एक गेला. साधारण तुमच्याच वयाचा. मी सकाळीच पोट पुन्हा उघडायला हवं होतं, दुपारपर्यंत वाट पाहिली. आता पाहत नाही."

मनातल्या मनात मी खूश झालो. उत्तर तलवाड्याच्या म्हाताऱ्याच्या तोडीचं होतं. मग बायकोकडं पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. वाटलं, झालं, आता ही उठून स्टँडची वाट धरणार.

ती उठली नाही. तिनं विचारलं, "त्यांची बायको आता कुठं असती?"

बाईंनी कसलाही कागद चाळला नाही. "पैठणला. शिवणकाम करते. मुलगी नर्सिंगला आहे. पहिल्यांदा आली ती भांडायला आली होती, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसून. आता वर्षातून एकदा येते, कधी स्वतःची शुगर दाखवायला, कधी नुसतीच."

"भांडली तवा तुमी काय म्हणाला?"

"काही नाही. ऐकून घेतलं. तिचं बरोबर होतं."

बायकोनं खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाली, "सही कुठं करायची?"

"आज नाही," बाई म्हणाल्या. "आधी ह्यांची तंबाखू सुटू दे, साखर खाली येऊ दे. तीन महिन्यांनी या." गिऱ्हाईक दारातून परत पाठवणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

परतीच्या एसटीत मी माझ्या प्रश्नाची फुशारकी मारत होतो. बायकोनं गेवराईपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मोजायला काय लागतंय? मुकादमाला कधी इचारलं का, गेलेली माणसं कुठं हायत म्हणून?"

विचारलं नव्हतं. एका हंगामात फडात साप चावून एक बाई गेली होती. मी 'कोयता एक कमी' असं लिहिलं आणि बदली मागितली. तिच्या नवऱ्याचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. ह्याची मला लाज वाटते.

तीन महिन्यांनी बायकोनं सही केली. एकेक अक्षर पूर्ण काढलं. मी आत गेलो तो शांत मनानं गेलो. माझं काही झालं असतं, तर बाहेर बसलेली माझी बायको कोण, कुठली, हे त्या दवाखान्यात कुणाच्या तरी लक्षात राहणार होतं.