विहीणबाईंचा काढा

करावे गावात कुणाला शिंक आली आणि माझ्या विहीणबाईंना कळलं नाही, असं कधी घडलं नाही. शिंकणारा नाक पुसेपर्यंत त्या पितळेचा पेला घेऊन दारात उभ्या. पेल्यात काढा. गुळवेल, अडुळसा आणि त्या दिवशी हाताला लागेल तो पाला. त्यांच्या सोसायटीचा वॉचमन त्या दिसल्या की खोकला गिळायचा. मुलीच्या साखरपुड्याला मी नुसता घसा खाकरला, तर पंगतीच्या आधी मला पेलाभर पाजला. जेवण कसं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. गॅलरीतली गुळवेल ग्रीलवरून चढत वरच्या मजल्यावर गेली. वरच्या बाईने तक्रार केली, तर तिलाच काढा सुरू झाला. मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "विहीणबाई, सगळंच प्यायचं नसतं. धोतराही पालाच आहे."

"पाल्यानं कोन मरत नाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या जिभेनं मरंल येखादा."

स्वतः त्या वर्षानुवर्षं दोन्ही वेळा पीत. गेल्या साली डोळे पिवळे झाले, तर त्यांनी पेला मोठा केला. पोट फुगलं तेव्हा माझ्या जावयाने आईला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? विहीणबाई ताठ बसून म्हणाल्या, "औषध? जल्मात गोली घेतली नाय." माझी मुलगीही नाही म्हणाली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. त्या घरात काढा चहाच्या पातेल्यात, चहाच्या वेळेलाच उकळायचा. त्याला औषधात धरायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. डॉक्टर कारण शोधत राहिले आणि विहीणबाई खाटेवर थर्मासातून काढा पीत राहिल्या.

मी नावड्याहून भेटायला गेले. थर्मासाचं झाकण उघडताच वासावरून ओळखलं आणि डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आजी, हा पाला सगळ्यांना बाधतो असं नाही. यांच्या लिव्हरला सोसला नाही. आधी कळायला हवं होतं."

विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फितूर निगालात."

वाचल्या. लिव्हर मात्र पहिल्यासारखं होणार नाही म्हणतात. जावयाने वेल मुळापासून तोडली, पेला माळ्यावर गेला. आता प्रसादातलं तुळशीचं पानसुद्धा त्या सुनेला विचारून तोंडात घालतात. वॉचमन मोकळेपणी खोकतो.

परवा त्यांच्याकडे बसले असताना मला ठसका लागला. त्या गुडघ्यांवर हात टेकून लगबगीने उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"पानी देऊ?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचं साधं पाणी मी पहिल्यांदाच प्यायले. त्यात कडू काही नव्हतं.