नटाला वाहिलेलं तेल

आर्वीहून कारंज्याला लेकीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, निघालो आणि वाटेत, एका मारुतीच्या पाराशी, गाडीचं चाक बसलं. मुलाचे आजोबा मुहूर्ताचे भलते कडक. मुहूर्त टळला म्हणून आधीची एक सोयरीक त्यांनी मोडली होती. मुलगा लेकीच्या मनात भरलेला, त्यामुळे ती रडवेली. मला तर वाटलं, देव असता तर आजच चाक बसलं असतं का?

आमचे हे मोठे भाविक. चहासुद्धा प्रदक्षिणेसारखा उजवीकडूनच ढवळणार; उलटं फिरवणं म्हणजे अशुभ! त्यांनी चाकाच्या नटाला पाना लावला आणि "जय बजरंगबली" म्हणत उजवीकडेच फिरवला. हलेना, तर पान्यावर उभे राहिले. नटाचे कोपरे झिजून तो पार गोल झाला, तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं.

"अहो, नट खोलून राह्यले का कसून राह्यले तुम्ही?"

बाकीचे नट लेकीनं नव्या साडीचा पदर खोचून उलटे फिरवून काढले. तो गोल झालेला मात्र हटेना. पाना नुसता घसरायचा. मी पाराकडे पाहून हात जोडले. मारुतिराया, एक तर नट सोडव, नाहीतर यांना अक्कल दे!

शनिवारच होता. ट्रॅक्टर चालवत एक बाई आली आणि तेलाची बाटली घेऊन देवाला वाहायला उतरली. आमचा नट पाहून तिनं निम्मं तेल त्याच्यावरच ओतलं.

"अवो बाई, देवाचं तेल हाय ते!" हे ओरडले.

"मंग? देवाचं काई अडलं नाई. तुमचं अडलं हाय."

तिनं ट्रॅक्टरच्या पेटीतून जरासा लहान, टोपीसारखा बसणारा गोटी-पाना काढून नटावर हातोडीनं ठोकून घट्ट बसवला. "आता जोर तुमचा लागन, भाऊ. उलटा फिरवा."

ह्यांनी डोळे मिटले, "माफ कर, देवा" पुटपुटले आणि फिरवला. कट्टकन नट सुटला. मी तिथंच रडले, खरंच रडले. बाई उरलेलं तेल वाहून, नावही न सांगता निघून गेली.

चाक बदलून पोचलो तेव्हा मुहूर्त टळला होता आणि आजोबा रागानं चपला घालत होते. घाम पुसता पुसता ह्यांच्या कपाळाला काळं तेल माखलं होतं. आजोबा थबकले.

"शनिवारचा मारुतीचा अंगारा लावून आले? मंग उशिराचं काई नाई. बसा, बसा!"

हे खरं सांगायला निघाले, तर मी चिमटा काढला.

लग्न झालं. व्याही दर्शनाशिवाय येतच नाहीत, असं आजोबा सगळ्यांना सांगतात, म्हणून आता दरवेळी त्या पाराशी थांबावंच लागतं. मी तेल वाहते, त्या बाईसाठीही हात जोडते. मागायचं तेवढं आपण मागावं; कोणाच्या हातून द्यायचं, ते त्याच्यावर सोडावं. मी तर दोन्हीपैकी एकच मागितलं होतं, त्यानं नट सोडवला. अक्कल अजून बाकी आहे. चहा उजवीकडूनच ढवळला जातो.